आधी फलाट, मग गाडी

उभी नोकरी मी स्टेशन मास्तर म्हणून केली, आणि ज्या पिंपळवंडीचा मी, तिथे रेल्वे नाही. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं, पण गावाला त्याची भारी गंमत. रिटायर होऊन घरी आलो त्या दिवसापासून पारावरची मंडळी मला बघून एकच विचारतात, "मास्तर, गाडी किती लेट?" आधी मी हसायचो, मग चिडायला लागलो. आता सरळ सांगतो, "दीडशे वर्षं लेट आहे. बसा तोवर."

ते काही खोटं नाही. या देशात रेल्वेच्या कंपन्या काय थोड्या झाल्या? जीआयपी आली, तिने बोरघाट फोडून पुणे गाठलं. गुजरातेकडून बीबीसीआय आली. निजामाने स्वतःची काढली. बार्शीच्या माळावर एका साहेबाने इवलीशी बार्शी लाईट चालवली. माझी पहिली नेमणूक तिच्याच रुळांवर, कुर्डुवाडीला. कंपनी तोवर सरकारजमा होऊन जुनी झाली होती, पण रूळ तेच चिंचोळे. यवतमाळकडची एक लाईन तर इंग्रज गेल्यावरही कंपनीच्याच मालकीची राहिली. कुणाला कापूस न्यायचा होता, कुणाला पलटणी. आमच्या जुन्नर तालुक्यात काय होतं? एक किल्ला, एक नाणेघाट आणि डोंगरात कोरलेली लेणी. मालगाडीत घालून न्यावं असं काहीच नव्हतं, म्हणून आमच्याकडे कुणी फिरकलं नाही.

आता आली ती सह्यगती कंपनी. थोडी सरकारची, थोडी खासगी. नक्की कुणाची, हे तिच्या साहेबांनाही धड सांगता येत नाही. पुण्याहून नाशिकला वाऱ्यासारखी गाडी नेणार म्हणाली. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. लाईनीची आखणी कधी या शिवारातून झाली, कधी त्या. शेवटी ती आली पिंपळवंडीतून, आणि पिंपळवंडीतही नेमकी आमच्या प्रतिभाच्या रानातून.

प्रतिभा माझ्या धाकट्या भावाची, जानकूची बायको. जानकू गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, रान वाट्याने द्या, बाईमाणसाला झेपायचं नाही. तिने पदर खोचला आणि ट्रॅक्टर चालवायला शिकली. येडगावच्या धरणाचं पाणी आहे, टोमॅटो घेते, कांदा घेते, क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात स्वतः नेते. आखणीप्रमाणे रूळ या रानाच्या मधून जाणार होते. मागे उरणार तिचं घर आणि घराला लागून एक पट्टी, नांगर वळवायलाही पुरणार नाही अशी. पलीकडे कंपनीची भिंत.

कंपनीने ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा घेतली. फिल्म दाखवायला आला होता रिजवान. हा आमच्याच जुन्नरच्या पेठेतला मुलगा. त्याचा बाप चाकू-विळ्यांना धार लावायचा, आई जन्नतबी गोधड्या शिवते. पोरगा शिकला, इंजिनिअर झाला, आणि कंपनीने गावकऱ्यांशी गोड बोलायच्या कामावर ठेवला. फिल्ममध्ये निळी गाडी टोमॅटोच्या रानातून सुळकन निघून गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

प्रतिभा उभी राहिली. "बाळा, ही गाडी माझ्या रानातून जानार?"

"हो, काकी."

"मंग थांबनार कुठं?"

"इथं थांबा नाही, काकी. ही वेगाची गाडी आहे. पुढचं स्टेशन लांब आहे."

"म्हंजे घरातून जायाचं आन् घरधनिनीला रामराम बी घालायचा न्हाई?"

हॉल हसला. रिजवानही हसला, पण खाली मान घालून. सरपंच धर्माजी म्हणाले, "आपलं मास्तर हायेत की. त्यास्नीच इचारा, थांबती का न्हाई ते."

मी उठलो आणि खरं ते सांगितलं. अशा गाडीला थांबायला मैलभर आधी ब्रेक लावावा लागतो, पुन्हा वेग घ्यायला तितकंच अंतर जातं, दर गावाला थांबली तर तिला वेगाची गाडी कोण म्हणेल, तेव्हा इथे थांबा मिळणं शक्य नाही. कंपनीच्या साहेबांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी प्रतिभा माझ्या ओट्यावर आली. बसली नाही.

"भाऊजी, तुमी कोनाच्या बाजूनं बोलला?"

"कुणाच्याच नाही. जे खरं ते बोललो."

"खरं तर मलाबी ठावं हाय. रान जानार, ते काय मी अडवू शकत न्हाई. पन गाडी थांबली तर मानसं उतरतील. मानसं उतरली तर च्या पितील, भाजी घेतील. उरल्याल्या पट्टीत मी टपरी टाकीन. माजं पोट भरंल. न्हाई थांबली, तर त्या पट्टीत बसून मी काय करू? गाडीला टाटा करू?"

मी म्हटलं, "अगं पण थांबा कोण देणार? अर्ज कर हवं तर."

"थांबा मागायचा नसतोय, भाऊजी," ती म्हणाली. "बांधायचा असतोय." आणि निघून गेली.

हे ऐकून बाहेरगावच्या माणसाला हसू येईल. आमच्याकडे मात्र ही रीत आहे, आणि ती आमच्या आईच्या, धोंडाबाईच्या वेळेपासून आहे. फाट्यावर एसटी थांबत नव्हती. अर्जावर अर्ज झाले. मग आई आणि वाडीतल्या बायकांनी दगड रचले, वर पत्रे टाकले, ओटा सारवला आणि पाट्या-बुट्ट्या घेऊन रोज तिथे जाऊन बसल्या. एसटी रोज धुरळा उडवत पुढे जायची. या रोज बसायच्या. शेवटी एका ड्रायव्हरला लाज वाटली, त्याने ब्रेक दाबला, आणि बघता बघता तो सरकारी थांबा झाला. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपचंही तेच. शेड घाला, माणसं बसवा, गाडी झक मारत थांबते. प्रतिभाला दळणवळणाचा हा एकच कायदा माहीत होता, आणि तो तिने रेल्वेला लावला. अशी चूक फक्त आमच्याच गावचं माणूस करू शकतं. मी तिला परोपरीने सांगितलं की रेल्वे म्हणजे वडापची जीप नव्हे. गाढवापुढे वाचली गीता.

कांदा निघाल्यावर तिने काम सुरू केलं. मजुरी देऊन नव्हे, सावडीने. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. पैशाचा संबंध नाही, पण घेतलेली सावड फेडली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. प्रतिभा जन्मभर दुसऱ्यांच्या खुरपणीला धावलेली, त्यामुळे तिची सावड सगळीकडे पेरलेली होती. वाडीतल्या बायका आल्या. डोंगराच्या अंगाला उंबरदरा म्हणून ठाकर आदिवासींची वस्ती आहे, तिथून बायडाबाई चार-सहा जणींना घेऊन आली. सडपातळ, कमी बोलणारी म्हातारी. बाकीच्या दोघी मिळून उचलतील तो धोंडा ती एकटी डोक्यावर घ्यायची. बांधाचे दगड निघाले, धर्माजीने मुरमाची एक ट्रॉली फुकट दिली, सरपंचकीला परत उभं राहायचं होतं म्हणून.

पारावर तर करमणुकीला ऊत आला. "बाजारात तुरी आन् भट भटनीला मारी," एक म्हणाला. "रूळ न्हाईत, इंजान न्हाई, आन् ह्यांचा फलाट तयार." मीही त्यांच्यात बसून हसलो.

पण एक दिवस त्या बाजूने जाताना मी तो फलाट पाहिला आणि माझं डोकं फिरलं. गुडघ्याएवढा. एका टोकाला उंच, दुसऱ्याला बसका, आणि मध्ये पोट आलेलं.

"प्रतिभा, हा फलाट आहे का म्हशीचा ओटा?"

"का, काय झालं?"

"यावरून गाडीत चढायला शिडी लागेल. आणि कडा बघ, नागिणीसारखी चाललीय. गाडी घासून जाईल की."

"आता कशी घासंल?" ती शांतपणे म्हणाली. "थांबनारच न्हाई म्हनत व्हता ना?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तरातरा घरी आलो. पण रात्री जेवण गोड लागेना. कुणी वाईट चहा केला तर मी पितो, वाईट भजन म्हटलं तर ऐकून घेतो, पण वाईट फलाट माझ्याच्याने बघवत नाही. सकाळी टेप आणि दोरी घेऊन मी रानात हजर. आधी कडेची रांग उतरवायला लावली. ओळंबा लावून दगड परत रचून घेतले. पाणी निघून जावं म्हणून पृष्ठभागाला मागच्या अंगाला उतार दिला. बायडाबाईने एकदाच विचारलं, "मास्तर, पानी मागंच का काढायचं?" मी म्हटलं, "पुढं रूळ आहेत." तिने जिथे रूळ नव्हते तिकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढचा दगड उचलला.

पाटी रंगवायला नारायणगावहून चांद पेंटर आला. तमाशाच्या फडांचे बोर्ड रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. मी त्याला बजावलं होतं, पिवळी जमीन, काळी अक्षरं, मराठी-हिंदी-इंग्रजी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि बाकी काही नाही. त्याने ते सगळं केलं आणि वर कोपऱ्यात दोन गुलाब काढले.

"हे काय?"

"मोकळी जागा बघवत न्हाई, मास्तर. सवय हाय."

गुलाब राहिले. पाटी उभी केली, आणि मी खोटं कशाला बोलू, ती मी तीनदा वाचली. इतक्या स्टेशनांवर मी नोकरी केली, पण आपल्या गावचं नाव पिवळ्या पाटीवर मी कधी वाचलं नव्हतं.

मग बसणं सुरू झालं. रानातली कामं उरकली की बायका फलाटावर यायच्या. कुणी मेथी निवडायची, कुणी पोराला घेऊन बसायची. प्रतिभाने चुलीवर चहा ठेवला. क्रेट घेऊन उभी माणसं दिसली म्हणून वडापच्या जीपा वाट वाकडी करून आत यायला लागल्या, आणि ड्रायव्हर खुशाल "स्टेशन, स्टेशन" म्हणून ओरडायला लागले. पारावरची मंडळीही सरकत सरकत फलाटावर आली. तिथली सावली बरी, म्हणाली.

रिजवान आला तो मोटारसायकलवर. पाटी वाचून त्याने हेल्मेट काढलं आणि पोट धरून हसला. प्रतिभाने चहा दिला. चहा पिता पिता त्याचं हसू विरत गेलं.

"काकी, साहेबांना कळलंय. हे काढायला लावतील."

"माझ्या रानातलं?"

"ताबा घेतल्यावर रान कंपनीचं."

"मंग अजून घेतला न्हाई ना. घेतल्यावर बघू."

"ते माती तपासायला येतायत. खड्डा घेणार आहेत." तो घुटमळला. "इथंच घेणार आहेत. फलाटावर."

"एवढं रान मोकळं पडलंय आन् खड्डा फलाटावरच?"

रिजवानने कप विसळून ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर काका, मी तुम्हाला सांगितलं असं कुठं म्हणू नका." मी कशाला म्हणेन.

ते आले त्या दिवशी मी ट्रंकेतला पांढरा कोट काढला. पोटावर बसेना. बटणं उघडी ठेवली. झेंड्या सरकारी होत्या, त्या सरकारला परत केलेल्या. प्रतिभाच्या जुन्या लाल साडीचा तुकडा उसाच्या कांडक्याला बांधला आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मागे बायका, बाप्ये, बोचकी, क्रेट, दोन शेळ्या. कुठल्याही स्टेशनावर असतं तसंच सगळं.

पुढे गाडीत मोठे साहेब, मागे जेसीबी. साहेब उतरलेच नाहीत, काच खाली करून हाताने खूण केली. जेसीबी फलाटाकडे वळला. मी लाल झेंडी आडवी धरली.

जेसीबी थांबला.

वर येडगावचा सुदर्शन बसला होता. साहेब खाली उतरले. "थांबलास कशाला?"

"लाल झेंडी हाय, साहेब."

"अरे, ती साडी आहे."

"लाल तर हाय," सुदर्शन म्हणाला आणि त्याने इंजिनच बंद केलं.

साहेब माझ्याकडे आले. कोटाकडे, पोटाकडे, झेंडीकडे बघितलं. माणूस उर्मट नव्हता. थकलेला होता. अशा माणसांशी भांडणं जास्त अवघड. "तुम्ही रेल्वेचे जुने माणूस," ते म्हणाले. "गाडी इथं थांबू शकत नाही हे तुम्हीच सभेत सांगितलंत. आता या बायकांना खुळी आशा कशाला लावता? तुम्हाला शोभतं का हे?"

"साहेब, रेल्वेत एक रीत आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "कंपनी कुठलीही येवो. जीआयपी आली आणि गेली, बार्शी लाईट आली आणि गेली, निजामाचीही गेली, पण ही रीत कुणाला मोडता आली नाही. गाडी सोडायच्या आधी मागच्या स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला विचारायचं, येऊ देऊ का. पुढच्याने हो म्हटलं तर लाईन क्लिअर. नाही म्हटलं तर गाडी जागच्या जागी उभी. मग ती मंत्र्याची असो नाहीतर मालाची. तुम्ही पुण्याहून निघालात, इतक्या गावांतून आलात, आणि पुढच्याला एकदाही विचारलं नाही. आलात ते फिल्म दाखवत आलात."

"हे स्टेशन नाही."

"पाटी वाचा."

त्यांनी वाचली. गुलाबांपाशी त्यांची नजर जरा अडखळली. मग म्हणाले, "आणि समजा विचारलं, तर?"

"इचारून तर बघा," मागून प्रतिभा म्हणाली.

एवढं एक वाक्य होतं. 'बाई, तुमच्या रानातून गाडी नेऊ का?' एवढंच. रागावलेली का होईना, ती बोलायला बसली असती, अर्धा थांबा, दिवसातून एक गाडी, काहीतरी ठरलं असतं. माझी खात्री आहे. साहेबांचे ओठ हललेही. पण कंपनी म्हटलं की तिला विचारायची सवय नसते. ते वळले, गाडीत बसले. जेसीबी मागे नेताना सुदर्शनने हॉर्न दिला, स्टेशन सोडताना इंजिन देतं तसा लांब. मुद्दामच.

महिना असाच गेला. मग एक दिवस रिजवान बातमी घेऊन आला. आखणी बदलली. लाईन आता डोंगराच्या अंगाने सरकवणार. प्रतिभाच्या रानातलं एक ढेकूळही जाणार नाही.

धर्माजीने पेढे मागवले. कुणीतरी फटाके लावले. कंपनीला नमवलं म्हणून बायकांनी एकमेकींना हळद-कुंकू लावलं. मला उचलून खांद्यावर घ्यायचा एक प्रयत्न झाला, तो माझ्या वजनाने फसला. या सगळ्यात प्रतिभा फलाटाच्या कडेला बसून होती. पेढा तसाच हातात.

"डोंगराच्या अंगानं म्हंजे कुठनं?" तिने रिजवानला विचारलं.

"उंबरदऱ्यातून."

"ठाकरांच्या वाडीतनं?"

"हो."

"तिथं थांबा हाय?"

"नाही, काकी."

"फिल्लम दावली का तिथं?"

रिजवानने नकाराची मान हलवली.

धर्माजी म्हणाले, "अगं, तुजं रान वाचलं की. आता कशाला उकरून काढती?"

"रान वाचलं. गाडी गेली," ती म्हणाली. "मला दोनी पायजे व्हतं, सरपंच. आन् त्या वाडीला तर दोनातलं एकबी मिळनार न्हाई. रिजवान, त्यांस्नी का धरलं, सांग ना."

"तिकडून हरकत आली नाही," तो हळू म्हणाला.

"हरकत म्हंजे काय आसती, ते सांगाया कोन गेलं व्हतं?"

रिजवानचा दोष नव्हता, आणि तरी मला त्याचाही राग आला. कंपनीचा तर त्याहून जास्त. मला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. आम्ही त्यांना काही शिकवलं होतं, पण ते शिकले भलतंच. जिथे फलाट बांधतात तिथून जायचं नाही. जिथे कुणी बांधत नाही तिथून जायचं. आमचा पराक्रम बायडाबाईच्या दारात नेऊन टाकला होता, आणि आम्ही इकडे पेढे वाटत होतो.

प्रतिभाने पेढा शेळीला घातला. "भाऊजी, बायडाबाईनं माझ्याकडं किती दीस सावड केली?"

"मोजली नाही."

"मीबी न्हाई. पन फेडायला पायजे." ती उठली. "उद्या टेप आना. आन् दोरी."

धर्माजी म्हणाले, "अगं, ते लोक वनाच्या जमिनीवरचे. त्यांच्या नावावर काय हाय काय न्हाई. हात पोळून घेशील."

"तवा तर आधी फलाट पायजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा मला वाटलं होतं चार बायका असतील. पण आमची अर्धी वाडी निघाली होती. घमेली, टिकाव, पहारी. पारावरची मंडळीसुद्धा होती, पाय दुखतात म्हणत. ट्रॉलीत मुरूम भरून धर्माजीही आले. तोंड आंबट होतं, पण आले. चांदने कोरी पिवळी फळी मोटारसायकलला आडवी बांधली होती. वाटेत रिजवान भेटला. त्याने गाडी उभी केली आणि आमच्याकडे बघत राहिला. प्रतिभा त्याला म्हणाली, "तुज्या सायबाला जाऊन सांग. रूळ कुठंबी हलवा म्हनावं. आमी मागनं येतोच." मग हेल्मेट हँडलला अडकवून तो पहार घेतलेल्या एका म्हाताऱ्याजवळ गेला आणि पहार आपल्या खांद्यावर घेतली.

उंबरदऱ्यात पोचलो तर बायडाबाई दारात तांदूळ निवडत होती. एवढी माणसं बघून ती उठून उभी राहिली. तिला बातमीच नव्हती. वाडीच्या कडेला लाल रंगाचे खुंटे ठोकलेले तिने पाहिले होते, पण फॉरेस्टवाल्यांचे असतील असं वाटलं होतं. प्रतिभाने तिला खाली बसवून सगळं सांगितलं. फिल्ममधली गाडी, भिंत, पट्टी, सगळं. बायडाबाई ऐकत राहिली. मग तिने सूप आत ठेवलं, पदर डोक्यावरून कमरेला बांधला आणि वाडीतल्या बाकीच्यांना हाका मारल्या.

दुपारपर्यंत पायाची रांग पडली. या वेळी ओळंबा मी आधीच लावला होता. चांद फळी मांडून बसला आणि त्याने विचारलं, "नाव काय टाकू?"

मी धर्माजीकडे पाहिलं. ते म्हणाले, "ही वाडी कागदाला आपल्याच गावात धरत्यात. ह्या वाडीला वायलं नाव न्हाई."

"आहे," मी म्हटलं. "उंबरदरा लिही."

चांदने खडूने मापं घेतली आणि पहिलं अक्षर काढलं. बायडाबाई हात पुसत मागे येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही. पण त्या पिवळ्या फळीवरचं काळं अक्षर ती बराच वेळ बघत होती.

"मास्तर, ह्ये आमचं नाव का?"

"हो. पहिलं अक्षर आहे. पुरं व्हायचंय अजून."

"आन् ती गाडी लई जोरात येनार म्हनता?"

"जोरात येणार."

तिने पुन्हा फळीकडे पाहिलं. मग चांदला म्हणाली, "मंग एवढुसं का काढतोस, बाबा? गाडीवाल्याला लांबून दिसलं पायजे. मोठं काढ."

चांदने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने फडकं घासलेटात बुडवलं, काढलेलं अक्षर पुसून टाकलं आणि फळीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत नवं काढायला घेतलं.